टेक्ससमध्ये रान घेतलं, आता हरणाच्या शिकारीचं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिल कंट्रीत, म्हणजे मध्य टेक्ससच्या डोंगराळ पट्ट्यात, आम्ही ४२ एकर रान घेतलं त्याला आता सहा मोसम झाले. तेव्हापासून ऑस्टिन, ह्यूस्टन, डॅलसच्या मराठी मंडळींचे तेच ते प्रश्न येत असतात, आणि बहुतेक क्लोजिंगच्या, म्हणजे खरेदीच्या कागदांवर सह्या होण्याच्या, आदल्या रात्री अकरानंतर. ते इथे एकत्र केले आहेत. सगळी उत्तरं टेक्ससपुरतीच आहेत. ओहायोत किंवा पेनसिल्व्हेनियात नियम वेगळे. शुल्क आणि तारखा दरवर्षी ऑगस्टमध्ये टेक्सस पार्क्स अँड वाइल्डलाइफ खात्याच्या नियमपुस्तिकेत, ‘आउटडोअर अ‍ॅन्युअल’मध्ये पुन्हा पाहून घ्या.

१. जमीन माझी, म्हणजे तिच्यावरची हरणंही माझीच ना?

नाही. जमिनीचा कागद तुमचा, हरीण टेक्ससच्या जनतेचं. पांढऱ्या शेपटीचं हरीण, म्हणजे व्हाइटटेल, सकाळी तुमच्याकडे चरतं आणि संध्याकाळी शेजाऱ्याच्या ओढ्यावर पाणी पितं. त्याला तुमच्या कागदाशी देणंघेणं नाही. आठ फुटी जाळीचं कुंपण घालून ते आत कोंडलंत तरी मालकी बदलत नाही. जमिनीबरोबर तुम्हाला मिळतो तो रानात कोणाला शिरू द्यायचं हे ठरवण्याचा हक्क. तोही मोठा आहे, कारण टेक्ससची बहुतेक जमीन खासगी आहे आणि शिकार करायची तर बहुतेक वेळा कोणाच्या तरी रानात शिरावं लागतं. परदेशी हरणांची गोष्ट वेगळी. ती सहाव्या उत्तरात.

२. स्वतःच्याच जमिनीवर शिकार करायला लायसन्स कशाला?

कारण वरचंच. ओहायोत जमीनमालकाला स्वतःच्या जमिनीवर लायसन्समधून सूट आहे, आणि तिकडचे मित्र ती छातीठोकपणे सांगतात. टेक्ससमध्ये नाही. इथे सहा महिने सलग राहत असाल तर साधं रहिवासी लायसन्स २५ डॉलर. मासेमारीसकट सगळं असलेलं ‘सुपर कॉम्बो’ ६८. कॅलिफोर्नियात राहून इथे जमीन घेतली असेल तर तुम्ही बाहेरचेच, ३१५ डॉलर. जमिनीचा कर भरता म्हणून त्यात सवलत नाही. लायसन्स १५ ऑगस्टपासून मिळतं आणि कधीही काढलंत तरी पुढच्या ३१ ऑगस्टला संपतं. जुलैत काढून हसू करून घेऊ नका, मी करून घेतलं आहे.

३. मी एच-वन-बीवर आहे. बंदूक हातात घेतली तर चालतं का?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि सर्वांत जास्त लोकांनी विचारायला हवा.

नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाच्या, व्हिसावर अमेरिकेत आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला फेडरल कायद्याने मनाई आहे. एच-वन-बी, एच-फोर, एल-वन, विद्यार्थी, पर्यटक, सगळे त्यात आले. विकत घेणं तर दूरच, मित्राच्या रानात ‘एक बार काढून बघ’ म्हणून कोणी रायफल हातात दिली तरी गुन्हा तुमच्या नावावर. त्याला काही अपवाद आहेत. आपल्या लोकांच्या कामाचा म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचं चालू शिकारीचं लायसन्स तुमच्याजवळ असणं. म्हणजे २५ डॉलरचा तो कागद इथे राज्याच्या नियमापेक्षा कितीतरी मोठं काम करतो. तो ३१ ऑगस्टला संपला आणि रायफल कपाटातच राहिली, तर १ सप्टेंबरला तुम्ही अडचणीत.

ग्रीन कार्ड असेल तर ही मनाई लागू होत नाही. अर्ज मध्येच लटकलेला असेल, तर बंदूक घेण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा; शस्त्राचा गुन्हा ग्रीन कार्डच्या आड येतो. धनुष्यबाण आणि क्रॉसबो या कायद्यात बंदूक धरले जात नाहीत. आमच्यातले दोघे त्याच कारणाने तिरंदाजीकडे वळले आणि आता रायफलचं नावही काढत नाहीत.

४. हंटर एज्युकेशन सगळ्यांनाच करावं लागतं का?

२ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्म झालेल्यांना, हो. वय १७च्या पुढे असेल तर पूर्ण कोर्स ऑनलाइन होतो. अगदीच वेळ नसेल तर १० डॉलर भरून एकदाच पुढे ढकलता येतो, पण मग सोबत लायसन्सवाला जाणता माणूस हवा. माझं मत विचाराल तर ढकलू नका. लहानपणी छर्ऱ्याच्या बंदुकीने जत्रेतले फुगे फोडले, एवढाच आपल्यातल्या बहुतेकांचा अनुभव असतो. ९ ते १६ वर्षांच्या मुलांनी एकतर कोर्स करायचा किंवा मोठ्यांच्या सोबतीने जायचं. नऊच्या खालच्यांना सोबत लागतेच. सोळापर्यंतच्या मुलांसाठी मुख्य मोसमाच्या आधी आणि नंतर खास दिवस राखलेले असतात. ते चुकवू नका, कारण तेव्हा रान शांत असतं.

५. मोसम कधी आणि किती हरणं मारता येतात?

सप्टेंबरअखेरीच्या सुमारास तिरंदाजी सुरू होते. रायफलचा मुख्य मोसम नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी. हिल कंट्री उत्तर विभागात येते, तिथे तो जानेवारीच्या पहिल्या रविवारी संपतो. दक्षिण टेक्ससमध्ये आणखी दोन आठवडे चालतो. वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत.

संख्या मात्र काउंटीवर, म्हणजे इथल्या जिल्ह्यावर, आहे. हिल कंट्रीतल्या अनेक काउंट्यांत एका लायसन्सवर पाच, त्यांत नर दोनच. रस्त्यापलीकडची काउंटी बदलली की आकडा बदलतो. काही काउंट्यांत नराच्या शिंगांवर अट असते: एका बाजूचं शिंग तरी बिनफाट्याचं हवं, नाहीतर दोन शिंगांमधलं आतलं अंतर निदान १३ इंच हवं. हरणाचे कान पुढे टवकारलेले असताना शिंगं कानांच्या टोकांबाहेर दिसली, तर साधारण तेवढं अंतर असतं. शंका असेल तर बोट ट्रिगरवरून काढा.

.२२ सारखी रिमफायर, म्हणजे बुडाच्या कडेवर ठोका बसून उडणारी, काडतुसं व्हाइटटेलसाठी चालत नाहीत, मग नेम कितीही चांगला असो.

६. आमच्या रानात चक्क चितळ दिसलं! हे आपलंच का? आणि मारता येतं?

आपलंच. ठिपके तेच, हाक तीच. चितळाला इकडे ‘अ‍ॅक्सिस’ म्हणतात. १९३२च्या सुमारास ते आणि काळवीट टेक्ससमध्ये आणले गेले. नीलगाय त्याच काळात दक्षिणेकडच्या किंग रँचवर आली. कुंपणं फुटली, पूर आले, जनावरं सुटली, आणि आता एडवर्ड्‌स पठारावर चितळांचे कळप मोकळे हिंडतात. पाकिस्तानात काळवीट नाहीसं झालं तेव्हा ते पुन्हा सोडायला जनावरं टेक्ससमधूनच गेली, हे ऐकून माझ्या सासऱ्यांनी चहा खाली ठेवला होता.

नियमाच्या भाषेत ही ‘एक्झॉटिक’, म्हणजे परदेशी. मोसम नाही, संख्येची मर्यादा नाही, टॅग (मारलेल्या हरणाला बांधायची लायसन्सवरची चिठ्ठी) नाही. जमीनमालकाची परवानगी आणि शिकारीचं लायसन्स, एवढं पुरतं. खासगी जमिनीवर रात्रीसुद्धा चालतं. फक्त आधी गेम वॉर्डनला फोन करून ठेवा, म्हणजे अंधारात बार ऐकून तो धावत येणार नाही. कानात बिल्ला असलेलं जनावर दिसलं तर थांबा. ते कोणाच्या तरी कळपातून सुटलेलं असू शकतं आणि त्याची किंमत तुमच्या सोफ्यापेक्षा जास्त असते.

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हीच तिन्ही जनावरं संरक्षित. नगर जिल्ह्यातल्या कर्जतजवळ रेहेकुरीला ज्या काळविटासाठी अभयारण्य राखलं, तेच इथे पैसे मोजून मारतात. विदर्भातला शेतकरी ज्या रोह्यापुढे, म्हणजे नीलगाईपुढे, हात टेकतो, ती दक्षिण टेक्ससमध्ये पाहुण्या शिकाऱ्यांची हौस. हे पचायला वेळ लागतो. मला चितळावर पहिला बार टाकायला दोन वर्षं लागली. पण इथल्या रानाच्या दृष्टीने चितळ पाहुणा नाही, बिनभाड्याचा भाडेकरू आहे. व्हाइटटेल पाला आणि रानभाज्यांवर जगतं; चितळ ते संपवतं आणि मग गवतावरही भागवतं. दुष्काळात उपाशी राहतं ते इथलं हरीण. नीलगाय गुरांच्या तापाची गोचीड इकडून तिकडे नेते, ते वेगळंच.

७. दहा एकर पुरतात का?

नियमाने राज्यभर अमुक एकर हवेतच असं नाही. अडचण दुसरीकडे असते, आणि ती जमीन घेण्याआधी शोधायची. एक, काउंटीला गावाबाहेरच्या प्लॉटिंगमधल्या दहा एकर किंवा लहान तुकड्यांवर गोळीबार बंद करता येतो. दोन, जमीन शहराच्या हद्दीत ओढली गेली असेल तर दहा एकर आणि पन्नास एकर असे टप्पे येतात: दहाच्या वर शॉटगन आणि धनुष्य, घरांपासून १५० फूट लांब, पन्नासच्या वर रायफल, ३०० फूट लांब. तीन, आणि इथेच आपले लोक फसतात, डीडमधल्या, म्हणजे खरेदीखतातल्या, अटी. मोठं रँच तोडून विकताना त्यावर मालकांची संघटना बसवतात आणि चौदाव्या पानावर ‘शिकारीस मनाई’ लिहिलेलं असतं. एजंटने दाखवलेला ब्लाइंड, म्हणजे शिकाऱ्याने लपून बसायची खोपटी, हा काही शिकारीला परवानगी असल्याचा पुरावा नव्हे.

व्यवहारात बोलाल तर दहा एकरांवर धनुष्य घ्या. रायफलची गोळी मैलांच्या हिशेबाने जाते, तुमचं रान फुटांच्या.

८. गोळी किंवा जखमी हरीण कुंपणापलीकडे गेलं तर?

गोळी जाताच कामा नये. शिकार करताना जाणूनबुजून अशी गोळी झाडली की ती हद्द ओलांडेल, तर तो गुन्हा. शेजाऱ्याची लेखी परवानगी असेल तरच सूट. बाणालाही हेच. सार्वजनिक रस्त्यावरून किंवा रस्त्यापलीकडे बार टाकणं तर नाहीच. म्हणून मचाण किंवा ब्लाइंड हद्दीजवळ, पण तोंड आतल्या बाजूला, आणि शक्यतो उंचावर, म्हणजे चुकलेली गोळी जमिनीत जाते.

जखमी हरीण पलीकडे गेलं तर रक्ताचा माग दिसतोय म्हणून उडी मारू नका. ते तुमचं सावज असलं तरी जमीन शेजाऱ्याची. फोन करा, विचारा. यासाठी शेजाऱ्याचा नंबर मोसमाच्या आधी हवा. आम्ही पहिल्या दिवाळीला चारही बाजूंना चकल्यांचे डबे दिले होते. त्यातल्या एका म्हाताऱ्याने पुढे स्वतःच्या ट्रॅक्टरवर आमचं हरीण आणून दिलं.

९. आधीच्या मालकाचे शिकारी अजून येतात. हाकलू का?

आधी कागद बघा. जुन्या मालकाने मोसमभरासाठी हंटिंग लीज दिलेली असू शकते आणि ती जमिनीबरोबर तुमच्या गळ्यात आलेली असू शकते. हे क्लोजिंगच्या आधी लेखी विचारायचं. लीज नसेल तर पाटी लावा, किंवा झाडांवर आणि खांबांवर जांभळे पट्टे ओढा: उभे, निदान आठ इंच लांब, एक इंच रुंद, जमिनीपासून तीन ते पाच फुटांवर. झाडीत दर १०० फुटांना, मोकळ्यावर दर १,००० फुटांना. टेक्ससमध्ये जांभळा पट्टा म्हणजे ‘आत येऊ नका’. रंग गुलाबी-जांभळा आणू नका, आमचा तसा आला आणि पोस्टमन दोन वर्षं हसत होता.

स्वतः पैसे घेऊन कोणाला शिकार करू द्यायची असेल तर तुम्हाला जमीनमालकाचं वेगळं लीज-लायसन्स काढावं लागतं. आणि एकजण तुमच्या परवानगीशिवाय येऊ शकतो: गेम वॉर्डन. जिथे वन्यप्राणी फिरतात त्या जमिनीवर त्याला वॉरंट लागत नाही. पाणी विचारा, लायसन्स दाखवा.

१०. शिकार केली की शेतीचा कमी कर लागतो, हे खरं का?

नाही. शिकार म्हणजे शेती नव्हे. पण अर्धं खरं असं: जमिनीला आधीपासून शेतीचं मूल्यांकन असेल, म्हणजे करासाठी ती शेतजमीन धरलेली असेल, तर ते ‘वाइल्डलाइफ मॅनेजमेंट’मध्ये बदलून घेता येतं. १९९५ मध्ये मतदारांनी ही सोय मान्य केली. त्यासाठी सात कामांपैकी निदान तीन दरवर्षी करायची: अधिवास राखणं, धूप थांबवणं, भक्षकांवर नियंत्रण, जादा पाणी, जादा चारा, निवारा आणि गणती. अर्ज ३० एप्रिलपर्यंत.

गंमत अशी की हे सगळं देशी प्राण्यांसाठी असावं लागतं. चितळांना कितीही मका घातला तरी मोजला जात नाही. आणि जमिनीला आधी शेतीचं मूल्यांकन नसेल तर सरळ यात उडी मारता येत नाही. त्याआधी गुरं, गवत किंवा मधमाश्या ठेवून काही वर्षं काढावी लागतात. उलट, ते मोडून घरं बांधलीत तर मागच्या तीन वर्षांच्या कराचा फरक भरावा लागतो. चार बोकड घेऊन हिशेब सुटत असेल तर घ्या. बोकड निदान ईदला विकले जातात.

११. मका टाकून हरणं बोलावणं म्हणजे फसवणूक नाही का?

टेक्ससमध्ये खासगी जमिनीवर कायदेशीर आहे. इतर अनेक राज्यांत नाही. घड्याळी फीडर पहाटे आणि संध्याकाळी मका उधळतो. बरोबर की चूक यावर आमच्या जेवणात वाद होतात. माझ्यापुरतं सांगतो: झाडीमागे पळत्या हरणावर टाकलेल्या बारापेक्षा फीडरपाशी उभ्या, आडव्या हरणावरचा बार दयाळू असतो. खर्च मात्र बघा. मका रानडुकरं आणि रॅकूनच जास्त खातात.

रानडुकरांना खासगी जमिनीवर २०१९ पासून लायसन्ससुद्धा लागत नाही. पण व्हिसावाल्यांनो, बंदुकीसाठी तिसरं उत्तर तरीही लागू आहे.

१२. मादी मारायची? आईला पटत नाही.

माझ्याही आईला पटलं नव्हतं. पण हिल कंट्रीत हरणं जागेच्या मानाने फार झाली आहेत. लांडगे गेले, पूर्वी स्क्रूवर्म नावाची माशी कोवळ्या पाडसांच्या नाळेच्या जखमेत अंडी घालायची आणि पाडसं मरायची, तिचं उच्चाटन झालं. चारा तेवढाच राहिला. परिणाम असा की इथलं व्हाइटटेल अंगाने लहान भरतं. फक्त शिंगांमागे लागून नरच मारत राहिलात तर कळप कमी होत नाही. आधी मादी, मग शिंगं. काही काउंट्यांत मादीसाठी ठराविकच दिवस असतात आणि मारल्यावर २४ तासांत कळवावं लागतं, तेवढं पाहा.

बागेतले गुलाब खाल्ले म्हणून मोसमाबाहेर हरीण मारता येत नाही. त्याला खात्याचा वेगळा परवाना लागतो. उंच जाळी स्वस्त पडते.

१३. हरीण पडलं. आता पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं?

जवळ जाण्याआधी थांबा, मागच्या बाजूने जा, डोळ्याला काडी लावून बघा. मग टॅग. लायसन्सवरचा त्याच प्रकारचा टॅग कापायचा, तारीख आणि महिना कोरून काढायचा, रानाचं नाव आणि काउंटी लिहायची, आणि जागेवरून हलवण्याआधी हरणाला बांधायचा. लायसन्सच्या मागच्या नोंदीतही लिहायचं. फोटो त्यानंतर.

नोव्हेंबरातही इथे दुपारी २५ अंश सेल्सियस होतं. आतडी लगेच काढा आणि पोकळीत बर्फाच्या पिशव्या भरा. मांस वाया घालवणं, म्हणजे खाण्याजोगं तसंच टाकून जाणं, हाही गुन्हा आहे.

१४. मांस खायला सुरक्षित असतं का? त्या ‘झोंबी हरणां’चं काय?

तो रोग म्हणजे सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज), प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे होणारा. टेक्ससमध्ये २०१२ मध्ये पहिल्यांदा पश्चिमेकडच्या म्यूल हरणांत सापडला. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण बाधित जनावर खाऊ नका असंच आरोग्य खाती सांगतात. मानेतल्या गाठींची तपासणी होते. ज्या भागात रोग सापडला आहे तिथे करून घ्या. मेंदू आणि मणका कापू नका. भेजा फ्रायची आवड इथे सोडून द्यायची.

जखमेभोवतीचं काळंनिळं मांस वितभर सोडून काढा, त्यात शिशाचे कण असतात. आणि उन्हाळ्यात युव्हाल्डी, ओझोना, ईगल पासच्या पट्ट्यात मेलेलं हरीण दिसलं तर हात लावू नका. तिकडे अँथ्रॅक्स असतो.

१५. मटणासारखं शिजवलं तर चामड्यासारखं होतं. काय चुकतं?

हरणाच्या मांसात चरबी फार कमी असते. पाठीच्या कण्यालगतचे दोन लांब पट्टे, इकडचं बॅकस्ट्रॅप, कधीही कुकरला लावू नका. तवा तापवून, मीठ-मिरी, आतून गुलाबी. फऱ्याचा खिमा करा, त्यात थोडं बोकडाचं चरबीचं मटण घाला. नळी आणि खांद्याला सुकं खोबरं, कांदा-लसूण मसाला आणि मंद आंच. मोठ्या नराला शिट्ट्या मोजू नका. चितळ व्हाइटटेलपेक्षा सरस लागतं, हे आमच्या घरचं एकमत आहे, आणि एरवी आमच्या घरी एकमत नसतं.

१६. बाबा सहा महिन्यांसाठी आलेत. एक हरीण त्यांनाही मारता येईल?

लायसन्स काढलं तर येईल. व्हाइटटेलसाठी बाहेरच्याचं ३१५ डॉलरचं. नुसतं चितळ किंवा काळवीट असेल तर पाच दिवसांचं ४८ डॉलरचं पुरतं. त्यात व्हाइटटेल येत नाही. पर्यटक व्हिसा असल्याने लायसन्स हातात येईपर्यंत रायफलला स्पर्शही नको (तिसरं उत्तर). हंटर एज्युकेशनची तारीख बघा: बहुतेकांचे बाबा १९७१च्या आधीचे, त्यामुळे सुटतात.

१७. मंडळाच्या दिवाळीत हरणाच्या खिम्याचा स्टॉल लावू का?

विकता येत नाही. व्हाइटटेलचं मांस विकणं बेकायदा. वाटा खुशाल, पण कच्चं मांस दुसऱ्याला देताना वन्यजीव नोंदीचा एक छोटा कागद भरून सोबत द्यावा लागतो. जास्त झालं तर ‘हंटर्स फॉर द हंग्री’शी जोडलेल्या प्रोसेसरकडे द्या, ते गरजूंच्या जेवणात जातं.

१८. शिंगं पुण्याच्या घरी लावायला नेऊ का?

नका. टेक्ससच्या चितळाचं आणि मेळघाटच्या चितळाचं शिंग कस्टमवाल्याला सारखंच दिसतं. पुढचं तुम्ही आणि तुमचा वकील.

१९. मला स्वतःला मारायचं नाही. रान नुसतं राखलं तर?

कोणी सक्ती करत नाही. मात्र कळप वाढत जाईल (बारावं उत्तर), म्हणून मोसमात एखाद्या विश्वासू शिकाऱ्याला दोन-तीन माद्या मारू द्या. ‘टेक्सस यूथ हंटिंग प्रोग्रॅम’वाले शहरातली मुलं आणि त्यांचे पालक घेऊन येतात, सोबत जाणते मार्गदर्शक असतात. आमच्या शेजारच्या रानात ते दर जानेवारीत येतात. रविवारी सकाळी आम्ही पोह्यांची कढई घेऊन जातो.